कुंकवाचे बोट

एकदा एका उजाड माळावर एक वृद्ध आचार्य सूर्य पेटवायला बसले होते. लोक हसत. हसणाऱ्यांपैकी एकानेही तो माळ चढण्याची तसदी घेतली नव्हती.

तिथे बांगडीसारखे वळवलेले एक पोकळ पोलादी पात्र होते. त्यातली हवा उपसून काढायची, मग थोडा हायड्रोजन सोडून भोवतालच्या प्रचंड चुंबकांनी तो अधांतरी तोलून धरायचा, आणि त्याचे कण एकमेकांत मिसळून जावेत इतका तापवायचा. सूर्याच्या पोटात हेच चालते. नियम एकच होता: त्या अग्नीला भिंतीचा आणि भिंतीला हाताचा स्पर्श होता कामा नये.

खंडेनवमीला त्यांच्या शिष्याने सगळ्या यंत्रांना हळदकुंकू वाहिले. मुख्य पात्राला मात्र आचार्यांनी हात लावू दिला नाही. शिष्याला ते बोचले. या कामाला पैसा पुरवणारे शेटजी लवकरच प्रयोग पाहायला येणार होते. त्यांचे मन फिरले, तर सगळ्याला कुलूप. अशा वेळी पूजेत उणे ठेवायचे? झाकण बसण्याआधी त्याने हळूच हात आत घातला आणि भिंतीला कुंकवाचे एक बोट टेकवले.

शेटजी आले आणि आचार्यांनी अग्नी पेटवला. जाड काचेच्या खिडकीतून शिष्याने पाहिले. कडेला गुलाबी झाक उमटली होती; मधोमध सारे रिकामे.

"मधे काहीच नाही की!" शेटजी म्हणाले.

"तिथंच तो आहे, शेटजी," आचार्य म्हणाले. " सूर्याच्या गाभ्याहूनही तप्त. इतका, की आपल्या डोळ्यांना दिसेल असा उजेडसुद्धा तो देत नाही."

शेटजींचे हात आपोआप जोडले गेले. तोच झाक थरथरली आणि विझली.

"संपलं? आमच्या देवघरातली वात याहून टिकते, आचार्य!"

आचार्य प्रकाशातले रंग वेगळे करून दाखवणाऱ्या यंत्रावर वाकले. "आत चुना होता. चिमूटभर भेसळही या अग्नीला निववते. हा चुना कुठून आला?"

"चुना तर मला लागला!" शेटजी कडाडले.

शिष्याला एकदम उमगले. कुंकू हळद आणि चुन्याचेच असते. "गुरुजी, मी... कुंकवाचं एक बोट लावलं होतं," तो कसाबसा म्हणाला.

आता स्फोट होणार तो आचार्यांच्या रागाचा, असे त्याला वाटले. पण त्यांनी काळोख्या खिडकीला वाकून नमस्कार केला.

"विझलेल्याला नमस्कार?" शेटजींनी विचारले.

"विझला म्हणूनच. चुलीतली ठिणगी उडाली तर गाव जळतं. हा तर ताऱ्याचा अग्नी. पण माणूस चुकला, की हा स्वतःच विझतो. नातवंडांच्या हाती द्यावा असा अग्नी आजवर कुठला होता?" मग ते शिष्याकडे वळले. "बाळा, सूर्याला अर्घ्य देतात ते लांबून. त्याच्या अंगाला बोट कोण लावतं?"

"पण गावात दिवे कधी लागणार?" शेटजींनी विचारले.

"माहीत नाही. तारीख सांगितली, तर ती खोटी असेल."

शेटजी त्या काळ्या काचेपाशी गेले आणि आत डोकावले. शिष्याला कुलपाचा आवाज ऐकू येऊ लागला होता.

"पुन्हा पेटवाल तेव्हा बोलवा," शेटजी अखेर म्हणाले. "आणि याला सांगा, कुंकू माझ्या कपाळाला लाव."

उद्याच वीज देतो म्हणणारे आणि कधीच जमणार नाही म्हणून हसणारे, दोघांनीही एकदा त्या खिडकीपाशी उभे राहावे.