शेवंता सिस्टरची अट

कुसुंब्याच्या रुग्णालयात शेवंता गावित अठरा वर्षं नर्स होती. जी दुखणी बायका घरातही बोलत नसत, ती त्या तिला सांगत. त्यांचे नंबर तिच्या फोनमध्ये होते आणि तपासण्यांचे अहवाल तिच्या ईमेलवर येत.

एकदा रुग्णालय चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष दौलतराव इंगवले यांनी बाहेरच्या कंपनीचं हजेरीचं ॲप आणलं. ते ज्याच्या त्याच्या ईमेल खात्यातून उघडायचं होतं. शेवंताने परवानगीचा मजकूर वाचला. ॲपला सगळे नंबर आणि सगळे ईमेल वाचायचे होते. कर्मचाऱ्यांच्या भरसभेत तिने नकार दिला.

"सिस्टर, मनात खोट नसेल तर लपवायचं कशाला?" दौलतराव कडाडले. "आत्ता परवानगी द्या, नाहीतर उद्यापासून घरी बसा."

शेवंताने फोन त्यांच्यापुढे ठेवला.

"देते, साहेब. फक्त आधी सभेला सांगा, की या फोनमध्ये तुमच्या घरातल्या कुणाचं काहीही नाही. तेवढी खात्री असेल, तर बटण तुम्हीच दाबा."

दौलतरावांचं बोट पुढे आलं आणि थांबलं. घरात बायको होती, दोन सुना होत्या, लेक महिनाभर माहेरी येऊन राहिली होती. त्यांनी हात मागे घेतला आणि हजेरी पूर्वीसारखी वहीतच घ्यायला सांगितली.

सभा उठल्यावर ते तिच्याजवळ आले. "सिस्टर, आमच्या घरातलं कुणी आहे का हो त्यात?" त्यांनी हळूच विचारलं.

"ते मी तुम्हालाही सांगणार नाही, साहेब," शेवंता म्हणाली.