थांबायची जागा

“ती घरघर कुठं गेली रे?” केरबाबुवांनी विचारलं.

मठात पहिल्यांदा कॉम्प्युटर आला, तेव्हा सीडी आत घातली की लांब कुठं दळणाचं जातं फिरावं तशी घरघर यायची, आणि मग बुवांचा आवाज. त्यांच्या शिष्यानं, विश्रामनं, ती पोरवयात ऐकली होती. तिच्या मागून येणारा शब्दन् शब्द त्याला पाठ होता.

“आता सीडी लागतच नाही, बुवा.”

तो कौतुकानं सांगू लागला. प्रवचनांच्या सीडीतला प्रोग्राम सीडी आत असल्याशिवाय उघडायचाच नाही. मग त्यानं सगळ्या सीडींची हुबेहूब नक्कल कॉम्प्युटरच्या पोटात उतरवली, आणि एक खोटा ड्राइव्ह बसवला. हाताला न लागणारा, नुसता सॉफ्टवेअरचा.

“मग त्या यंत्राला काय वाटतं?”

“सीडी आतच आहे, असं वाटतं.”

“आणि नसते?”

विश्राम हसला. त्यानं बटण दाबलं. ट्रे खर्रकन बाहेर आला. रिकामा.

बुवा बाजेवरून त्या ट्रेकडे बघत राहिले...

पाय गेल्यापासून ते आतल्या खोलीतच असत. म्हणून आज त्यांच्या गादीवर पहिल्यांदा विश्राम बसला होता. प्रवचन नुकतंच उरकलं होतं. गादी आता आपल्याकडंच राहणार ना, एवढंच त्याला विचारायचं होतं. जीभ रेटत नव्हती, म्हणून हे कॉम्प्युटरचं कौतुक.

“दयेवरचं लाव,” बुवा म्हणाले. “आज तू सांगितलंस ते.”

विश्रामनं लावलं. तेच दाखले, तेच हेल. ऐन रंगात बुवांचा आवाज थांबला...

“इथं तूही थांबलास.”

“हो, बुवा. डोळे मिटून. माणसं रडली.”

“मी का थांबलो होतो?”

“शब्द आत मुरावा म्हणून.”

“नाही रे बाळा. दारात एक बाई आली होती, उन्हातून. तिला पाणी द्यायला उठलो होतो.”

कॉम्प्युटरमधली शांतता अजून चालूच होती. तिच्यात तांब्या टेकल्याचा बारीक आवाज झाला. इतकी वर्षं ऐकून विश्रामला तो कधी ऐकू आला नव्हता.

“आज तू थांबलास, तेव्हा दारात कोण होतं?”

विश्रामचे कान तापले.

कुणीतरी खोकलं होतं. कोरडं, म्हाताऱ्या माणसाचं. डोळे न उघडताच त्यानं बोट वर करून त्याला गप्प केलं होतं. सीडीत तिथं खोकला नव्हता.

“मला दिसलं नाही, बुवा.”

“मला खिडकीतून दिसलं. अजून बसलाय पायरीवर.”

गादीचं विचारायचं होतं, ते राहूनच गेलं. विश्रामची मान वर होईना. समोर तो ट्रे तसाच बाहेर आलेला होता.

बुवांनी आपल्या मेलेल्या गुडघ्यांवरून हात फिरवला.

“मला उठता येत नाही,” ते हळूच म्हणाले, “म्हणून तुला बसवलं होतं.”

विश्रामनं कोपऱ्यातला तांब्या उचलला, आणि तो बाहेर गेला.