धुक्यातला पावशा

फार पूर्वी डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. म्हणजे असावं, बारा महिने धुकं, त्यामुळे ते सबंध कुणी पाहिलंच नव्हतं. घरं ढगात तरंगायची, झाडांना बुंधे नसायचे आणि माणसं एकमेकांना खोकल्यावरून ओळखायची.

पुरतं काहीच दिसत नाही, म्हणून तिथे एक रीत पडली होती. तुकडा दिसला की गावच्या जाणत्याने नाव सांगायचं आणि गावाने मान डोलवायची. शिंग दिसलं, "म्हैस!" शेंडी दिसली, "भटजी!" एकदा नुसती शेपटी बघून जाणते म्हणाले, "गाय!" आणि एक भला माणूस चरवी घेऊन बैलाखाली बसला. माणूस ओशाळला, बैल त्याहून जास्त. पण जाणत्यांच्या शब्दावर शंका घेईल त्याला गावात कुणी विरजणसुद्धा देत नसे.

त्याच गावात एक बाई राहायची. एक कोंबडी आणि तिची मूठभर पिल्लं, एवढंच तिचं गणगोत.

एका सकाळी सावरीच्या झाडावर काहीतरी येऊन बसलं. क्षणभर राखी पाठ दिसली, पट्ट्यापट्ट्यांची शेपटी दिसली, की पुन्हा सगळा धुक्याचा कापूस.

"पावशा!" जाणते म्हणाले. "सुरवंट खातो बिचारा. सोडा रे कोंबड्या!"

खुराडी उघडली, अंगणं चिवचिवली. बाईने मात्र पिल्लांवर डालगं पालथं घातलं.

"काय वहिनी, पिल्लांना उन्हाची दृष्ट लागते का? ऊन तरी कुठंय?"

"पिल्लं उचलणाऱ्या शिक्र्याची शेपटीही अशीच असते, जाणते. मला पाय दिसले नाहीत, चोच दिसली नाही."

"मग काय आहे ते?"

"ठाऊक नाही अजून."

गाव असं हसलं की धुकंसुद्धा हललं. शेजारीण म्हणाली, "उद्यापासून विरजणाला येऊ नकोस हं!" बाईला ताक फार प्यारं. तिचा हात डालग्याकडे गेला, आणि तसाच मागे आला. ती ओट्यावर बसून झाडाकडे बघत राहिली.

धुकं वाहत होतं, झोपेतल्या नदीसारखं. मग त्याला एक फट पडली. फांदीवर लांब, उघडे, पिवळे पाय; पंजात सरड्याचं उरलेलं शेपूट. फट मिटली.

"शिक्रा!" बाई ओरडली. "पंजात सरड्याचं शेपूट आहे! अहो, पिल्लं झाका!"

बायका पिल्लं गोळा करत धावल्या. जाणते जागचे हलले नाहीत. "एकदा नाव ठरलं की ठरलं," म्हणाले, आणि आपल्या लाडक्या पिल्लाला तांदूळ टाकू लागले.

पांढऱ्यातून एक राखी रेघ आली. आवाज नाही, काही नाही. जाणत्यांच्या पायाशी तांदूळ तेवढे उरले.

जाणते बराच वेळ वर बघत होते. "पावशाच होता," ते म्हणाले. "जरा भुकेला होता, इतकंच."

या वेळी मान कुणी डोलवली नाही.

दुसऱ्या दिवशी वेशीकडून लुगड्याचा एक पदर तरंगत आला. सवयीने सगळे जाणत्यांकडे वळले. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि हळूच म्हणाले, "जरा जवळ येऊ दे."

जवळ आल्यावर ती त्यांची सासू निघाली. पळायला वेळ उरला नव्हता, पण ओळख अगदी बिनचूक पटली.

तात्पर्य काय, तर तुकडा दिसला तर तुकड्याएवढंच बोलावं. उरलेलं धुकं विरेपर्यंत राखून ठेवावं.