साळूने वाटलेले काटे

एका डोंगराच्या पायथ्याशी दाट रान होते आणि त्या रानात एक साळू राहत असे. तिच्या अंगावर काळेपांढरे काटे होते आणि मनात त्याहून जास्त. ती कुणाच्या अध्यात नव्हती की मध्यात नव्हती, पण तिचा कुणावर विश्वासही नव्हता. समोरून साधा ससा आला, तरी ती आधी काटे फुलवायची आणि मग विचारायची, "काय रे, बरा आहेस ना?"

त्या रानावर वर्षानुवर्षे वाघाचे राज्य होते. वाघ होता तोवर कुणाला काही विचारण्याची रीतच नव्हती. तो म्हातारा होऊन मेला, तेव्हा लांडग्याने पाणवठा आपल्या ताब्यात घेतला. "तुमची घडी बसेपर्यंत मी सांभाळतो," असे तो म्हणाला. त्या उन्हाळ्यात मोठी जनावरे पोटभर पाणी प्यायली आणि लहानांनी चिखल चाटून दिवस काढले. साळूची दोन पिल्लेही त्या लहानांतच होती. शेवटी सगळे एकत्र जमले आणि ठरवले, की आता राजा नको. पाणवठ्याचा राखणदार आपण निवडायचा. एका बाजूने लांडगा उभा राहिला आणि दुसऱ्या बाजूने एक म्हातारी सांबरीण. लांडगा हसत म्हणाला, "निवडा की! मी कुठं नाही म्हणतोय? पण पळसाला पहिलं फूल यायच्या आत निवडा. नाही जमलं, तर मी आहेच."

आता मुलांनो, निवडणूक कशी करतात हे त्या रानात कुणालाच ठाऊक नव्हते. तयारी कोणी करायची यावरूनच भांडण जुंपले. सशांना कावळे नको होते, कावळ्यांना ससे नको होते. अखेर साळूचे नाव निघाले. ती कुणाचीच मैत्रीण नव्हती, म्हणून सगळ्यांना चालली. मग रीत ठरली, ती अशी. एका घराला एक मत. प्रत्येक घराच्या दाराशी साळूने आपल्या पाठीचा एक काटा रोवायचा. निवडीच्या दिवशी घरातल्या एकाने तो काटा आणून सगळ्यांसमोर ठेवायचा आणि मोठ्या झाडाच्या ढोलीत तोंड घालून एक बी आत टाकायची. सांबरीण हवी तर चिंचोका, लांडगा हवा तर सागरगोटा. साळूचा काटा दुसऱ्या कुणाच्या पाठीवर उगवत नाही, तेव्हा त्यात खोटेपणा होणार नाही, असे सगळ्यांना वाटले.

ससा पुढे येऊन म्हणाला, "साळूमावशी, मी येतो तुझ्याबरोबर. मला सगळी बिळं ठाऊक आहेत."

"नको," साळू म्हणाली. "तू वाटेत तुझ्या भावकीला दोन काटे जास्त देशील."

सशाचे कान पडले. "एवढी खात्री आहे, तर कर एकटीच!" म्हणून तो निघून गेला.

साळू खरोखरच एकटी फिरू लागली. काटा उपटताना कळ यायची, पण ती दात आवळून पुढचे दार गाठायची. घरात कोण आहे, किती आहेत, हे ती कुणाला विचारत नसे. विचारले तर खोटेच सांगतील, अशी तिची खात्री होती. दार दिसले की काटा रोवायचा आणि पुढे चालू लागायचे. चाळीस दिवसांत तिची पाठ अर्धी उघडी पडली.

इकडे कोल्हा स्वस्थ बसला नव्हता. तो लांडग्याच्या पंगतीला बसणारा. सशाला गाठून तो हळूच म्हणायचा, "कावळ्यांच्या झाडावर काटे जरा जास्तच दिसतात, नाही?" कावळ्यांना गाठून म्हणायचा, "सशांची बिळं मोजलीत का कधी?" आणि जाता जाता दोघांनाही सांगायचा, "मी काही म्हणत नाही हं. पण साळूच्या पाठीवर मुळात काटे होते किती, हे कुणी पाहिलंय?"

झाले! सगळे रान एकमेकांकडे तिरक्या नजरेने पाहू लागले. कुणी आपला काटा उपटून आत दडवून ठेवला, कुणी शेजाऱ्याच्या दारावर पाळत ठेवली. कावळे सशांच्या बिळांवर घिरट्या घालू लागले. साळू दिसली की बोलणे थांबायचे. तिला ते कळत होते. ती मनात म्हणायची, हे सगळे लांडग्याला फितूर झालेले दिसतात.

एके दिवशी सकाळी तिच्या दाराशी एक उंदरीण येऊन उभी राहिली. "मावशी, रागावू नकोस. आमच्याकडे पाच काटे आलेत."

"पाच? कुणी दिले?"

"तूच! आमचं घर एक आहे गं, पण त्याला दारं पाच. तू पाचही दारांत एकेक रोवलास."

साळूने काटे फुलवले. "आणि हे तू आज सांगतेस? कोल्ह्यानं पाठवलं का तुला?"

"कोण पाठवणार मला!" उंदरीण रडवेली झाली. "आधी खरं सांगते, बरंच वाटलं. आजवर आम्हाला कुणी काही एक दिलं नव्हतं, आणि एकदम पाच काटे! मग भीती वाटायला लागली. म्हटलं, तू म्हणशील हिनंच चोरले."

साळूचा तरीही विश्वास बसेना. ती उंदरिणीच्या मागोमाग तिच्या वारुळातल्या घरापाशी गेली आणि एका बिळाशी तोंड नेऊन ओरडली, "कोण आहे रे आत?" तिथून एक पिल्लू डोकावले. त्याच्या एका कानाला चीर होती. क्षणभराने तेच चिरलेल्या कानाचे पिल्लू दुसऱ्या बिळातून डोकावले, मग तिसऱ्यातून, मग चौथ्यातून. त्याला तो खेळच वाटला. साळूचे फुललेले काटे खाली बसले.

"चार काटे गुपचूप घेऊन जा, मावशी," उंदरीण म्हणाली. "कुणाला कळणारही नाही."

साळूने पळसाकडे पाहिले. झाडाची सगळी पाने गळली होती आणि फांद्यांवर काळसर कळ्या धरल्या होत्या. एक चूक सापडली, पण आणखी किती असतील? ती एकटीने पुन्हा सगळे रान फिरली, तरी तिच्या शब्दावर आता कोण विश्वास ठेवणार होते? तिने स्वतः कुणावर ठेवला होता? आणि निवड बुडाली, तर पिल्लांना पुन्हा चिखलच चाटावा लागणार होता.

तिने सगळ्यांना पाणवठ्यावर बोलावले आणि ते चार काटे मधोमध टाकले. "ही माझी चूक आहे. उंदरिणीचा काही दोष नाही. मी कुणाला न विचारता काटे रोवत गेले."

एकच गिल्ला झाला. "बघा, मी म्हणत नव्हतो!" कोल्हा ओरडला. लांडग्याने जांभई दिली. "संपलं तर मग. निवड रद्द. मला कुठं घाई आहे?"

"रद्द नाही," साळू म्हणाली. "शिव्या मला नंतर द्या. आत्ता माझ्याबरोबर चला. ज्याला ज्याचा संशय आहे, त्यानं त्याच्याच दाराशी जाऊन पाहायचं. कावळ्यांनी सशांची बिळं पाहा, सशांनी कावळ्यांचं झाड पाहा. आणि कोल्होबा, तुम्ही सगळ्यांत पुढं. तुमच्याइतकं बारीक कोण बघणार?"

सगळे हसले. कोल्ह्याला काढता पाय घेता येईना. शिवाय त्याला मनातून वाटले, आणखी चार चुका सापडल्या तर बरेच होईल.

तीन दिवस सारे रान दारोदार फिरले. कावळे म्हणायचे, "हे बीळ नाही, नुसता खड्डा आहे." ससे म्हणायचे, "खड्डा तुझं घरटं!" आणि भांडत भांडत आत डोकावायचे. कोल्ह्याने प्रत्येक दाराला नाक लावले. त्याने एक ओसाड बीळ शोधून काढले, तिथे उगाच काटा होता. दगडाच्या कपारीतली एक घोरपड त्यानेच शोधली, तिला काटा मिळालाच नव्हता. दर वेळी साळू म्हणायची, "बरं झालं, सापडलं," आणि सगळ्यांच्या देखत काटा काढायची किंवा रोवायची. तिसऱ्या दिवशी तिने विचारले, "कोल्होबा, आता कुठं काही राहिलं?" कोल्ह्याने पुष्कळ डोके खाजवले. शेवटी तो म्हणाला, "नाही."

दुसऱ्याच दिवशी सूर्य वर येताच निवड झाली. पळसाच्या कळ्या अजून मिटलेल्या होत्या. एकेक जण आला, काटा ठेवला, ढोलीत बी टाकून गेला. दुपारी ढोली सगळ्यांसमोर रिकामी केली. चिंचोके एका बाजूला, सागरगोटे दुसऱ्या बाजूला. चिंचोके तीन जास्त भरले.

लांडगा ताडकन उठला. त्याचे दात दिसू लागले. ससे मागे सरले. "खोटं आहे हे! काटे खोटे आहेत! कोल्ह्या, सांग यांना!"

सगळ्या रानाने कोल्ह्याकडे पाहिले. कोल्ह्याने एकदा लांडग्याकडे पाहिले, एकदा त्या काट्यांच्या ढिगाकडे.

"सरकार," तो म्हणाला, "काय सांगू? एकूण एक दार मी स्वतः हुंगलंय."

लांडग्याने सगळ्यांवरून नजर फिरवली. कुणी जागचे हलले नाही. मग तो वळला आणि डोंगराच्या दिशेने चालता झाला.

सांबरीण पाणवठ्याशी आली आणि बाजूला उभी राहिली. लहान पिल्ले आधी पाण्यात उतरली. साळू आपली उघडी पाठ सावरत तिच्याजवळ गेली आणि डोळे बारीक करून म्हणाली, "मी तुलाच बी टाकली. पण माझं तुझ्यावरही लक्ष राहणार आहे, हं."

"राहू दे, साळूबाई," सांबरीण म्हणाली. "फक्त झुडपाआडून नको ठेवूस. अशीच समोर येऊन ठेव."

तात्पर्य : संशय मनात दडवून ठेवला, तर तो सगळ्यांचे काम नासवतो; पण तो चारचौघांत बोलून दाखवून मिळून खातरजमा केली, तर तोच त्या कामाची राखण करतो.