मुठीवरची चिंधी

हमरस्त्याच्या कडेला, एका धान्याच्या गोदामासमोर, एकदा एक जुनी बस घर होऊन उभी राहिली. तरुणपणी तिने प्रवासी वाहिले होते. पुढे कुणा हौशी माणसाने आसने काढून आत दोन पलंग, छोटा ओटा, फ्रिज आणि न्हाणीघर बसवले. गोदामाचा मालक असलेला व्यापारी हा तिचा तिसरा धनी. साठी उलटल्यावर दुकान मुलाच्या हाती सोपवावे, बायकोला घेऊन नर्मदेच्या काठाकाठाने फिरावे, मिळेल त्या घाटावर मुक्काम करावा, असा त्याचा संकल्प होता. बायको व्यवहारी होती. ती म्हणाली, "आधी महिनाभर आपल्या दारातच राहून पाहू. इथे निभलं तर नदीवर निभेल."

म्हणून गोदामातून एक लांब वायर ओढून बसला जोडली आणि संसार सुरू झाला. पण वीज टिकेना. दिवसातून दोन-तीनदा बसमधला मुख्य खटका आपोआप खाली पडे आणि पंखा, फ्रिज, दिवे सगळे एकदम बंद होत. हा खटका साधा नव्हता. वीज कुठे गळू लागली की स्वतःहून पडून पुरवठा तोडणे, हेच त्याचे काम होते. परंतु ऐन दुपारी ज्याच्या डोक्यावरचा पंखा थांबतो, त्याला खटक्याचे काम दिसत नाही, उपद्रव तेवढा दिसतो.

भांडी घासायला एक बाई येत. बसच्या दाराशीच नळ होता, तिथल्या ओल्या जमिनीवर बसून त्या भांडी घासत आणि घासलेली भांडी आत नेऊन ठेवत. त्यांनी एकदा सांगून पाहिले, "मी दाराला हात लावला की लाइट जाती." सगळे हसले. व्यापाऱ्याची बायको म्हणाली, "तुझा हातगुणच तसा गं." तेव्हापासून वीज गेली की आतून कुणीतरी हमखास म्हणे, "आल्या वाटतं हातगुणवाल्या." त्यावर बाईही हसत. न हसून त्या बिचाऱ्या जाणार कुठे?

बसच्या विजेचे काम ज्याच्याकडे आले, तो तिशीचा एक शिष्य होता. पदविका घेतलेला, आणि त्यानंतर चार वर्षे एका वृद्ध मिस्त्रींच्या हाताखाली राबलेला. मिस्त्रींची एक रीत होती. शिष्याने एकट्याने केलेले पहिले काम ते स्वतः येऊन पाहत, आणि ते मनास आले तर आपल्या खिशातला टेस्टर काढून त्याच्या खिशाला लावत. त्या दिवसापासून शिष्याने स्वतःच्या नावावर काम घ्यावे. ही बस म्हणजे या शिष्याचे पहिले काम. त्या टेस्टरसाठी त्याचा जीव किती आसुसला होता, हे त्याच्या आईलाही ठाऊक होते.

त्याने काम मनापासून केले, हे मान्य केले पाहिजे. फ्यूज बदलले. दिवे, पंखे, फ्रिज, न्हाणीतला गिझर, एकेक वस्तू चालवून पाहिली. प्रत्येक वस्तू चालत होती आणि तरीही खटका पडतच होता. तिसऱ्या दिवशी व्यापारी म्हणाला, "अहो, सगळं चालतंय तर मग तो खटकाच खराब असणार." शिष्य थकला होता आणि हे उत्तर सोपे होते. त्याने खटका काढला, वायरी थेट जोडल्या आणि वर झाकण बसवले. नवा खटका आणून बसवतो, असे तो म्हणालाही. पण वीज जाणे थांबले, व्यापाऱ्याने पाठ थोपटली, आणि नवा खटका राहून गेला तो गेलाच.

आठ दिवसांनी मिस्त्री आले. दुसऱ्या दिवशी पहाटे बस निघणार होती, दाराला आंब्याची पाने बांधून झाली होती. शिष्याने ठेवणीतला सदरा घातला होता. मिस्त्रींच्या खिशाला टेस्टर आहे, हे त्याने सर्वांत आधी पाहून घेतले. मग तो लगबगीने आत गेला आणि त्याने सगळे दिवे, पंखे, गिझर एकदम चालू केले. आता मिस्त्रीदादा आत येतील आणि पाहतील, म्हणून तो वाट पाहू लागला.

मिस्त्री आत आलेच नाहीत. ते दाराशी थांबले होते. दाराच्या लोखंडी मुठीला एक चिंधी गुंडाळलेली होती, चांगली घट्ट, दोन गाठी मारून.

"ही कुणी बांधली?" त्यांनी विचारले.

"आमच्या बाईंनी," व्यापाऱ्याची बायको कौतुकाने म्हणाली. "मूठ उन्हाने तापते ना."

मिस्त्रींनी वर पाहिले. बस गोदामाच्या सावलीत उभी होती. त्या दारावर ऊन येतच नव्हते. ते नळाकडे गेले आणि भांडी घासणाऱ्या बाईंशी हलक्या आवाजात काही बोलले. शिष्य खिडकीतून बघत होता. मिस्त्रींनी सर्वांना बसपासून दूर व्हायला सांगितले, शिष्याला आतच थांबायला सांगितले. नळाजवळच्या चिखलात एक लोखंडी सळई ठोकली. वीज मोजायच्या मीटरचे एक टोक सळईला लावले, दुसरे बसच्या पत्र्याला. चष्मा सावरून त्यांनी आकडा पाहिला आणि मीटर गुंडाळून ठेवले. मग गोदामात जाऊन प्लग उपसला. पंखे थांबले. शिष्य बाहेर आला, तेव्हा मिस्त्री हातात पक्कड घेऊन उभे होते. सर्वांच्या देखत त्यांनी त्या वायरीचा प्लग कापून वेगळा केला आणि आपल्या पिशवीत टाकला.

शिष्याला काही उमगेना. व्यापाऱ्याचा मात्र पारा चढला. "मिस्त्री, हे काय आरंभलंय? उद्या पहाटे निघायचंय आम्हाला. सगळं उत्तम चाललं होतं."

"म्हणूनच कापला, शेठ," मिस्त्री म्हणाले. "नुसता उपसला असता, तर मी वळायच्या आत तुम्ही परत लावला असता." मग ते नळाकडे वळले. "हौसाबाई, मला सांगितलंत ते यांनाही सांगा."

त्या बाईंचे नाव हौसाबाई आहे, हे शिष्याला त्या क्षणी कळले. कामाचे तिन्ही दिवस तो त्यांच्या हातचा चहा प्यायला होता.

हौसाबाईंनी पदराला हात पुसले. "आधी हाताला झिणझिण यायची, पन लगेच लाइट जायची न् हात सुटायचा. आठ दिस झाले, लाइट जातच न्हाई. एक दिस मुठीला हात चिकटूनच बसला. वरडायला बी येईना. पाय घसरला म्हनून पडले न् सुटले. मंग बांधली चिंधी."

मिस्त्रींनी शिष्याला विचारले, "काढलेला खटका कुठे आहे?"

शिष्याने तो आपल्या पेटीतून काढून दिला.

"हा कोणकोणत्या वेळी पडायचा?"

"सकाळी, दादा. कधी दुपारी. आणि संध्याकाळी एकदा."

"आणि हौसाबाई भांड्यांना कधी येतात?"

शिष्याने मनातल्या मनात वेळा जुळवल्या. सकाळी, कधी दुपारी, आणि संध्याकाळी एकदा. हे त्याच्या डोळ्यांसमोर घडत होते. हातगुणाच्या विनोदाला तोही हसला होता, एकदा तर त्यानेच तो केला होता. त्याला भयंकर लाज वाटली.

मिस्त्री खाली पायरीवर बसले. त्यांचा आवाज चढला नाही. "तू कसूर केली नाहीस. पण तू सगळी तपासणी आत उभं राहून केलीस. ही बस रबराच्या चाकांवर उभी आहे. तिच्या साऱ्या पत्र्यात वीज उतरली, तरी आतल्या माणसाला ती कळायची नाही, कारण तिला जमिनीत जायला वाटच नाही. ज्याचे पाय ओल्या जमिनीवर आहेत आणि हात बसला लागलाय, त्याच्या देहातून तिला वाट मिळते. वस्तू चालते आहे का, एवढंच तू विचारलंस. वीज आणखी कुठे जाते आहे, हे विचारायचं राहिलं. त्याचं उत्तर दोघं देत होते. एक हा खटका, दुसऱ्या या हौसाबाई. खटका यांचा जीव दिवसातून तीनदा वाचवत होता. त्याला तू काढून टाकलंस, आणि यांना तुम्ही सगळे हसलात."

व्यापारी अजून मानायला तयार नव्हता. "पण आम्हाला तर महिनाभरात साधी झिणझिणसुद्धा आली नाही."

"तुम्ही दोघंही जोडे घालून चढता-उतरता, शेठ." मिस्त्री त्याच्या बायकोकडे वळले. "वहिनी, परवा तुम्ही घाटावर स्नान करून परत याल. अंगावर ओलं लुगडं, पाय अनवाणी. बसमध्ये चढताना तुमचा पहिला हात कुठे पडेल?"

तिने मुठीकडे पाहिले. मग नवऱ्याला म्हणाली, "उद्याचं निघणं रद्द. किती दिवस लागायचे ते लागोत." आणि ती हौसाबाईंच्या शेजारी जाऊन त्या ओल्या जमिनीवर उभी राहिली.

शिष्याने सदऱ्याच्या बाह्या वर सरकवल्या. "दादा, हे मीच करतो. सापडेपर्यंत उठणार नाही."

त्याने पहिल्यांदा तो कापलेला प्लग उघडला. आत दोनच वायरी जोडलेल्या होत्या. तिसरी, हिरवी, कुणीतरी आखूड कापून चिकटपट्टीखाली दडपली होती. तिच्यावाचूनही दिवा लागतो, म्हणून अनेक जण ती अशीच सोडून देतात. गळलेली वीज माणसाच्या आधी जमिनीत नेणारी अर्थिंगची वायर ती हीच. मग त्याने एकेक वस्तू वेगळी काढून तपासली, या वेळी ती चालते का हे न पाहता ती गळते का हे पाहिले. फ्रिज निर्दोष निघाला. पंखे निर्दोष. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गिझरपाशी पोचला. गिझर पाणी छान तापवत होता, आणि त्याच्या आतल्या जुनाट, तापणाऱ्या कांडीतून वीज पत्र्यात झिरपत होती. तरीही तो थांबला नाही. एक दोष सापडला तरी दुसरा असू शकतो, म्हणून त्याने पत्र्यातून जाणारी प्रत्येक वायर हाताने चाचपली, दोन ठिकाणी घासलेली सापडली, ती बदलली. गोदामातले अर्थिंगही तपासले. नवी वायर, नवा प्लग, नवा गिझर, आणि सर्वांत शेवटी नवा खटका. परक्या घाटावर प्लग लावण्याआधी तिथले अर्थिंग कसे तपासायचे, हे त्याने व्यापाऱ्याला शिकवले. एकदा शिकवून भागले नाही. व्यापाऱ्याला बिनचूक जमेपर्यंत, पाच वेळा, त्याच्याकडून करून घेतले.

तिसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री पुन्हा आले. सळई त्याच जागी होती. मीटरने शून्य दाखवले. शिष्याने नव्या खटक्याची चाचणीची कळ दाबली, खटका तत्काळ पडला. वर केला, पुन्हा दाबली, पुन्हा पडला.

"मग, झालं का सगळं नीट?" व्यापाऱ्याने विचारले.

जुना खटका काढला त्या दिवशी शिष्य पटकन हो म्हणाला असता. आता तो म्हणाला, "मीटर नीट म्हणतंय, शेठ. पण हौसाबाईंनी म्हटल्याशिवाय मी म्हणणार नाही."

त्याने रबरी तळव्याचे बूट काढले आणि तो नळाखालच्या ओल्या जमिनीवर अनवाणी उभा राहिला. मिस्त्री म्हणाले, "हाताने वीज तपासायची नसते, हे मी तुला पहिल्या दिवशी शिकवलं होतं."

"तपासून झालंय, दादा. हे यांना दाखवायला." त्याने मुठीजवळच्या पत्र्यावर तळहात ठेवला आणि तसाच ठेवून तो म्हणाला, "मावशी, मीही हसलो होतो. चुकलं माझं."

मिस्त्रींचा हात खिशातल्या टेस्टरकडे गेला. शिष्याने ते पाहिले आणि मान हलवली. "आज नको, दादा. पुढच्या कामाला या." मिस्त्रींनी हात खाली घेतला. ते हसले नाहीत, पण त्यांना बरे वाटले हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसले.

मग हौसाबाई पुढे झाल्या. चिंधीच्या गाठी भिजून भिजून आवळल्या होत्या, नखांनी सोडवायला वेळ लागला. चिंधी सुटली. त्यांनी उघड्या मुठीवर ओला हात ठेवला, थोडा वेळ तसाच राहू दिला, दार उघडले आणि मिटले. आत पंखा फिरतच होता. "न्हाई काई," त्या म्हणाल्या. त्यांनी चिंधी नळाखाली धुतली, पिळली आणि त्या घासलेली पातेली त्याच चिंधीने पुसायला बसल्या.

आपल्या घरात सारे सुरळीत चालले आहे असे ज्याला वाटते, त्याने एकदा खाली उतरून दाराच्या मुठीला कुणी चिंधी तर बांधली नाही ना, एवढे पाहून यावे.