आपोआप उघडणारं पान

“मग आता त्यांना कुठलं पुस्तक पाठवू, चाचा?”

मुजावरचाचांनी दाभणात दोरा ओवला आणि टोक दातांनी ओढलं.

आमच्या वाचनालयाची पुस्तकं ते चाळीस वर्षं बांधताहेत. मागच्या पडवीत त्यांची जागा. खळीची वाटी, पुठ्ठ्यांची चळत, एक बुटकं टेबल. लोक म्हणतात, वाचल्याशिवाय त्यांनी एकही पुस्तक शिवलेलं नाही.

मी पुढे देवघेवीच्या टेबलाशी बसते. इतिहासात एम. ए. केलंय. हे मी कुणालाही जरा लवकरच सांगते.

“कुणाला पाठवायचं?” चाचांनी विचारलं.

“हिर्लेकरबाईंना.”

“त्यांना काय पाठवायचं? त्या तर फिरून फिरून एकच नेतात.”

“तेच तर...”

हिर्लेकरबाई टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या. पिठाच्या गिरणीवर एक खोली आहे, तिथे राहतात. एकट्याच. दर गुरुवारी सव्वाचारला यायच्या. दोन-तीन पुस्तकं बदलून झाली की पुन्हा ती किल्लेदाराची कादंबरी न्यायच्या. मला वाटायचं, वाचलेलं विसरतात बिचाऱ्या.

“तू काय बोललीस त्यांना?”

“खरं तेच बोलले.”

“काय?”

“की किल्लेदार खरा होता, पण त्याचं लग्नच झालं नव्हतं. ती बायको लेखकाने घुसडलीये. कुठल्याही दप्तरात तिचं नाव नाही.”

“अन् मग?”

“मग त्यांना त्या किल्ल्याचा खरा इतिहास दिला. तळटिपांसकट.”

“त्या काय म्हणाल्या?”

मी पुठ्ठ्याच्या कडेवर बोट फिरवत राहिले.

“पोरी... काय म्हणाल्या?”

“म्हणाल्या, ‘असं होय... मग इतकी वर्षं दारात कोण थांबली होती?’”

चाचांचं दाभण कागदात अर्धं जाऊन थांबलं.

त्यानंतरचे तीन गुरुवार बाई आल्या नाहीत. सव्वाचार झाले की मी दाराकडे बघायची. काल गिरणीवाला आला. त्याच्या हातात तो इतिहास होता आणि आत बाईंचं सभासदाचं कार्ड.

“नाव कमी करा म्हणाल्यात,” तो म्हणाला. पुस्तकावर त्याची पिठाची बोटं उमटली होती.

“मी अजून खोडलं नाही नाव,” मी चाचांना म्हणाले. “शनिवारी कमिटीची सभा आहे, तिथे सांगावंच लागेल. त्याच्या आत त्यांना काहीतरी चांगलं पाठवायला हवं. एक पुरस्कार मिळालेली कादंबरी आहे, संदर्भही अस्सल आहेत...”

“ती दोन्ही पुस्तकं आण.”

मी इतिहास आणला. किल्लेदाराची कादंबरीही आणली.

चाचांनी आधी इतिहास घेतला. त्याची पाठ टेबलावर टेकवून उभा धरला आणि हात काढला. पुस्तक मिटलेलंच एका अंगावर पडलं. धप्प.

मी केवढी दचकले.

“पुस्तक पडलंय,” चाचा म्हणाले, “किल्ला न्हाई.”

मग कादंबरी उभी धरली. हात काढला.

ती पडली नाही. दोन्ही बाजूंनी हळूच उघडत गेली आणि एका पानावर शांत झाली.

“तीनदा शिवलीय मी ही,” चाचा म्हणाले. “तिन्ही येळा इथंच उसवली.”

पानाचा कोपरा झिजून फडक्यासारखा मऊ झाला होता. समासात पेन्सिलीचे ठिपके होते. आमचे जुने सभासद वाचलेल्या पुस्तकात एखाद्या पानावर असा ठिपका देतात. पुन्हा चुकून तेच नेऊ नये म्हणून.

इथे एकाखाली एक कितीतरी ठिपके होते. सगळे एकाच हाताचे.

बाई विसरत नव्हत्या.

“वाच,” चाचा म्हणाले.

“सूर्य बुडाला. किल्ल्याचे दरवाजे मिटले. ती खाली आली आणि मोठ्या दरवाजातल्या लहान दिंडीचा अडसर तिने काढून ठेवला...” मी थांबले. “चाचा, असं कुठल्या किल्ल्यावर चालेल? दिंडी अशी उघडी टाकली तर एका रात्रीत किल्ला जाईल.”

“गेला का?”

“कादंबरीत?”

“व्हय.”

“...नाही.”

“मग फुडं काय हुतं?”

“पुढे काही नाही. ती तिथेच दारात बसून राहते, किल्लेदाराची वाट बघत.”

चाचांनी मान हलवली. पुन्हा दाभण उचललं.

“तुझ्या पिशवीत काय हाय?”

“डबा.”

“डब्याखाली.”

माझे कानच तापले. डब्याखाली एक पुस्तक होतं. वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं. नाव दिसू नये म्हणून मीच घातलं होतं.

“ते असंच आहे, चाचा. टाइमपास. मोगली छावणीतल्या एका वैद्याच्या मुलीचं... सगळं काल्पनिक. प्रेमबीम. त्यात सनावळ्याही चुकल्यात.”

“दे.”

“राहू दे ना.”

त्यांनी हात पुढे केलेलाच ठेवला.

मी दिलं. त्यांनी पाठ टेबलावर टेकवली.

“चाचा, नको...”

हात काढला.

कुठलं पान उघडणार, मला माहीत होतं. छावणी पहाटेच उठून गेली आहे. माळावर नुसत्या चुली उरल्यात. ती मुलगी एकेका चुलीतल्या राखेवर तळहात धरत जाते. एका चुलीपाशी थांबते. तिथे अजून ऊब आहे.

पानावर आमटीचा डाग होता. खोलीवर जेवताना मी वाचते. ताटासमोर काहीतरी उघडं असलं, की घास जातो.

मी त्या पानावर पंजा ठेवला.

चाचांनी पान वाचलं नाही. ते खळ ढवळत होते. वाटीत ढवळण्यासारखं फारसं काही नव्हतं.

“हे पाठव,” ते म्हणाले.

“हे? हे वाचनालयाचं नाहीये, चाचा. माझं आहे.”

“व्हय.”

“बरं... गिरणीवाल्याकडे देते.”

“तू जा.”

“मी?” माझा आवाज चिरकला. “त्यांच्या दारात? त्यांनी दार लावून घेतलं तर?”

चाचांनी माझं पुस्तक जवळ ओढलं. वर्तमानपत्राचं कव्हर काढलं, नीट घडी घालून खळीच्या वाटीखाली ठेवलं. उघडं पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं. त्याचं नाव मी पहिल्यांदाच उजेडात बघत होते.

“पण जाऊन सांगू काय?” मी विचारलं. “खरं आहे म्हणून सांगू? की चांगलं आहे म्हणून?”

“काही सांगू नगं.”

“मग?”

त्यांनी गाठ मारली. दोरा तोडला.

“त्यांच्या फुडं उभं धर... अन् हात काढ.”