बिननाकाचा रुपया

कवठी गावात जाखाईच्या देवळामागे एक चिंच आहे. तिच्याखाली भोपळेमहाराज राहत. महाराजांजवळ पाण्याचा एक भोपळा आणि एक घोंगडी, एवढाच संसार. त्यामुळे गावात त्यांच्याइतका निर्धास्त माणूस दुसरा नव्हता.

त्या वर्षी जाखाईला चांदीचा ओतीव मुखवटा करायचं ठरलं. कुणी वाळा दिला, कुणी पैंजण. मुखवटा ओतण्याचं काम त्रिंबकशेट सराफांकडे होतं. शेटजींचा देवावर विश्वास होताच. पण कसोटीच्या दगडावर अंमळ जास्त.

देवळाची झाडलोट करणारी धुरपाबाई चोळीच्या गाठीतून एक राणीछाप रुपया सोडवत आली. तिचा नवरा लहानपणी देवीच्या आजारातून उठला, तेव्हा सासूनं हा रुपया जाखाईला बोलला होता. फेडायचं राहून गेलं, आणि म्हातारी जाताना तो सुनेच्या हातात ठेवून गेली. तेव्हापासून धुरपाबाई दर शुक्रवारी रुपयावरच्या राणीला कुंकू लावी आणि नाकावर सांडलेलं अंगठ्यानं पुसून घेई. पुसून पुसून राणीचं नाकच गेलं होतं.

देवळाच्या पारावर चांदी पारखत बसलेल्या शेटजींनी रुपया दगडावर आपटला. थप्प वाजला. मग त्याची कड कसोटीवर घासली. रेघ पिवळी उठली.

"खोटा! धुरपाबाई, अगं राणीला नाक तरी ठेवायचं! हा मुशीत टाकला तर देवीला कावीळ व्हायची."

पार हसला. धुरपाबाईनं रुपया उचलला.

"आत्याबाई खोटं बोलायच्या न्हाईत, शेट," सासूची आठवण काढून एवढंच ती म्हणाली. पण नवस खोट्या नाण्याचा निघाला, तर म्हातारी जाखाईपुढं कोणत्या तोंडानं उभी असेल? त्या विचारानं तिला घास जाईना.

इकडे मुखवटा ओतला. साचा फोडला तर कपाळ झकास, डोळे झकास, आणि नाकाच्या जागी खळगा! शेटजींनी माती बदलली, पदरची चांदी घातली, वाऱ्याला दोष दिला. पुन्हा ओतला. पुन्हा नाक नाही. स्थापनेचा मंगळवार तोंडावर आला. अखेर शेटजी पगडी काखेत मारून चिंचेखाली आले.

महाराज भाकरी खात होते. म्हणाले, "शेट, परवा नाक नाही म्हणून कुणाला हसलात हो?"

शेटजींचा चेहरा उतरला.

धुरपाबाईला बोलावणं गेलं. ती येऊन रुपया मुठीत घट्ट धरून उभी राहिली. "न्हाई द्यायची, महाराज. खोटं असंल तर देवीला कसं घालू?"

"बाई, तुझी सासू खोटी होती का?"

"न्हाई!"

"मग दे. शेट, आता कड सोडून मधे घासा."

शेटजींनी घासला. रेघ उठली चांदण्यासारखी पांढरी!

"मग कडेला पिवळं कसं?" ते पुटपुटले.

"तिथं कडी व्हती," धुरपाबाई म्हणाली. "आत्याबाई गळ्यात घालायच्या. तुटली तवा तुमच्या वडलांनीच पितळ लावून सांधली. ते म्हणाले, आवाज बसंल, पण टिकंल. पुढं कडी गेली, पितळ ऱ्हायलं."

शेटजी आपल्या वडिलांच्या हातचं काम खोटं ठरवून बसले होते. त्यांनी चिंचेखालीच भट्टी मांडली, कडेचं पितळ कानशीनं घासून काढलं आणि रुपया मुशीत सोडला. महाराजांनी भोपळ्यातलं चार थेंब पाणी मुशीभोवती शिंपडलं आणि म्हणाले, "आई, तुझं तू घे."

साचा फोडला. काय सांगावं, भाविकहो! नाक आलं होतं! जरासं बसकं, पण नाक. पारावरची म्हातारी माणसं एकमेकांकडे बघू लागली. असं नाक कवठीत एकाच बाईला होतं, आणि ती धुरपाबाईची सासू. आत्याबाईंचा नवस देवीनं असा तोंडावर मिरवला!

त्रिंबकशेटांनी महाराजांच्या पायावर डोकं ठेवायला वाकावं, तो महाराजांनी पाय घोंगडीत ओढून घेतले. "इथं नाही. तिथं."

गावचे बडे सराफ झाडलोट करणाऱ्या बाईपुढे वाकले. धुरपाबाई इतकी गोंधळली की तिला काही सुचेना. हातात देवीचा कुंकवाचा करंडा होता, तेव्हा तिनं शेटजींच्या कपाळाला कुंकू लावलं आणि शुक्रवारच्या सवयीनं त्यांच्या नाकावर सांडलेलं अंगठ्यानं पुसून घेतलं.

शेटजी डोळे मिटून तसेच वाकून राहिले. पुसू दिलं.